वाकडा अंगठा आणि माणसाची चाल

डोके दुखले तर माणूस घरी बसतो. पाय दुखला तर मात्र तसाच लंगडत कामावर जातो. पायाच्या दुखण्याची दाद फारशी कोणी घेत नाही. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूस हाड पुढे येते आणि अंगठा शेजारच्या बोटावर कलतो, या विकाराला इंग्रजीत ‘बनिअन’ म्हणतात. नाव क्षुल्लक वाटते. तथापि ज्याला आठ तास यंत्रापुढे किंवा गिऱ्हाइकापुढे उभे राहायचे असते, त्याला ते क्षुल्लक नसते. म्हणून त्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास आम्ही आज आपल्यापुढे मांडीत आहोत. त्यात एक प्रश्न वारंवार उभा राहतो : शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे ठरवायचे कोणी?

दुखणे जुनेच आहे. इंग्लंडातील केंब्रिज येथे जुन्या दफनभूमींतील 177 सांगाडे संशोधकांनी तपासले व 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अकराव्या ते तेराव्या शतकांतील 6 टक्के लोकांत हा विकार आढळला, तर चौदाव्या-पंधराव्या शतकांतील 27 टक्क्यांत! मधल्या काळात लांब टोकाच्या जोड्यांची टूम आली होती. खेड्यातील दफनभूमीत विकार तुरळक, तर मठातील दफनभूमीत जवळजवळ निम्म्यांना. वास्तविक धर्मगुरूंनी असे जोडे घालू नयेत, अशी आज्ञा 1215 मध्येच निघाली होती! पंचेचाळिशीपुढच्या ज्यांचा अंगठा वाकडा, त्यांच्यात पडून हाड मोडल्याच्या खुणाही अधिक सापडल्या. दुखणे पायाच्या बोटाचे आणि मोडला हात, असा हा प्रकार.

सगळा दोष जोड्यांचा मात्र नव्हे. हाँगकाँगमध्ये 1958 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जोडे वापरणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांना, तर अनवाणी वावरणाऱ्यांपैकी सुमारे 2 टक्क्यांना हा विकार होता. अनवाणी माणूसही अगदीच सुटत नाही. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. ही नुसती वाढलेली गाठ आहे, ती तासून टाकली की झाले, अशी पूर्वी समजूत होती. 1870 च्या सुमारास ह्यूटर या जर्मन शल्यविशारदाने या विकाराला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ हे शास्त्रीय नाव दिले आणि अंगठाच सांध्यापाशी वळतो, याकडे लक्ष वेधले. 1881 मध्ये जिनीव्हाच्या रेव्हरदँ यांनी हाड कापून त्याची दिशा बदलण्याची रीत सांगितली. 1904 साली अमेरिकन लष्करातील केलर यांनी अंगठ्याच्या हाडाचा बुडाचा भागच काढून टाकला. अनेकांची वेदना त्याने शमली. पण अंगठा आखूड व दुबळा होई आणि शरीराचा भार शेजारच्या बोटांच्या मुळांवर जाई. पुढे क्ष-किरणांच्या चित्रावर अंगठ्याचा कोन मोजता येऊ लागला. कोन कमी झाला की काम फत्ते, असा हिशेब रूढ झाला. रोग्याला जिना चढता येतो का, हा प्रश्न मागेच राहिला.

तो पुढे यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. 2001 मध्ये फिनलंडातील 209 रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींना जोड्यात घालायचा आधार दिला, काहींना नुसते थांबवले. आधाराने सहा महिन्यांपर्यंत आराम पडला, पण तो टिकला नाही. वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना सर्वांत कमी होती. 2006 साली मँचेस्टर व ऑक्सफर्डच्या नावाची सोळा प्रश्नांची यादी आली. ती रोग्यांशी बोलून तयार केली होती. चालणे व उभे राहणे, वेदना आणि चारचौघांत वावरणे, यांविषयी ती रोग्यालाच विचारते.

शस्त्रक्रिया म्हणजे जादू नव्हे. काहींची वेदना उरते, काहींचा अंगठा पुन्हा कलतो. केवळ दिसण्यासाठी ती करू नये, असेच जाणते डॉक्टर सांगतात. शिवाय कापलेले हाड सांधायला साधारण सहा आठवडे लागतात. ज्याला भरपगारी रजा आहे, तो पाय उशीवर ठेवून बसेल. रोजंदारीवरच्या माणसाने चूल कशी पेटवायची? कामगारांत वावरणाऱ्या आम्हांला हा प्रश्न त्या सोळा प्रश्नांइतकाच महत्त्वाचा वाटतो. कोन डॉक्टरांनी जरूर मोजावा. पण त्या पायावर जो उभा राहणार, त्याची साक्ष घेतल्यावाचून निकाल देऊ नये, आणि पाय बरा होईतो त्याच्या घरची भाकर बंद पडू नये, एवढेच आमचे मागणे आहे.