मंद पावलांचें भय

टोकियो शहराचें नांव जेव्हां एदो होतें, त्या काळीं भुतांच्या गोष्टी सांगण्याचा एक खेळ जपानांत फार लोकप्रिय होता. उन्हाळ्याच्या रात्रीं मंडळी जमत. निळा कागद लावलेल्या दिव्यांत शंभर वाती पेटवीत. पाळीपाळीनें एकेकानें गोष्ट सांगावी आणि ती संपली कीं उठून एक वात विझवून यावी, असा नियम होता. पहिल्या दहापांच गोष्टींत थट्टामस्करी चाले. पन्नासाव्या गोष्टीच्या सुमारास खोलीचे कोपरे दिसेनासे होत. नव्वदीच्या पुढें शेजारी बसलेल्याचा चेहराहि ओळखूं येत नसे. शेवटची वात विझली कीं कांहीं तरी अमानुष प्रकट होतें, अशी समजूत होती. म्हणून पुष्कळ वेळां नव्याण्णव गोष्टींवर थांबून मंडळी एका वातीच्या उजेडांत पहाटेची वाट पाहत बसत.

या खेळांत भूत असें कोणाच्या दृष्टीस पडत नसे. भय होतें तें हळूहळू ओसरणाऱ्या उजेडाचें. विसाव्या शतकांत जपाननें जगाला जो भयपट दिला, त्याचें बीज या अंधारत जाणाऱ्या खोलींत सांपडतें. दार फोडून आंत येणारा राक्षस ही पाश्चात्त्य भयपटाची ओळखीची खूण आहे. जपानी भूत मात्र घाई करीत नाहीं. बऱ्याचदां तें आधींपासूनच घरांत असतें, आणि पाहणाऱ्याला तें उशिरां कळतें. हा संथपणा कोठून आला आणि काळाबरोबर त्याचा अर्थ कसा पालटला, याचा शोध घेऊं गेल्यास चित्रपटांच्या इतिहासापेक्षां कांहीं अधिक हातीं लागतें. जिवंतांनीं मृतांचें देणें कसें फेडावें, या प्रश्नाचा तो इतिहास आहे.

जपानी भाषेंत ‘ओन्र्यो’ असा एक शब्द आहे. अन्याय सोसून, मनांत सल ठेवून मेलेल्या माणसाचा आत्मा, असा त्याचा अर्थ. मराठींत ज्याला तळतळाट म्हणतात, तोच जणूं देह धारण करून परत येतो. या कल्पनेचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राजदरबारांतलें आहे. सुगावारा नो मिचिझाने हा थोर विद्वान व कवि होता. प्रतिस्पर्ध्यांच्या कारस्थानामुळें ९०१ सालीं त्याला क्योटोहून दूर, क्यूशू बेटावरील दाझाइफू येथें धाडण्यांत आलें, आणि ९०३ सालीं तेथेंच त्याचा अंत झाला. पुढें राजधानीवर एकामागून एक संकटें आलीं. ९३० सालीं तर खुद्द राजवाड्यावर वीज कोसळून दरबारी मंडळी ठार झाली. हा मिचिझानेचाच कोप, असें लोकांनीं ठरविलें. मेलेल्या माणसाला त्याची पदवी परत देण्यांत आली, आणि ९४७ सालीं क्योटोंतील कितानो येथें त्याचें देऊळ उभें राहिलें. आज तो विद्येचा देव आहे, आणि परीक्षेस बसणारे विद्यार्थी त्याच्या पायांशीं येतात. या कथेंत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. मृताच्या कोपाला कारण असतें. आणि चूक कबूल करून त्याची भरपाई करतां येते.

पंधराव्या शतकाच्या आगेमागें झेआमीनें ज्या नोह नाट्याला पूर्णत्व आणलें, त्यांतहि हाच विचार आहे. एखादा प्रवासी भिक्षु ओसाड जागीं येतो. तेथें त्याला कोणी साधें माणूस भेटतें. बोलतां बोलतां उलगडा होतो कीं, हें माणूस कधींच मरून गेलेलें आहे. मृताची भूमिका करणारा नट पाऊल न उचलतां तें जमिनीवरून सरकवीत येतो. तो आपलें दुःख सांगतो, भिक्षु प्रार्थना करतो, आणि बहुधा मृताची सुटका होते. येथें मंद गति ही घाबरविण्याची युक्ति नव्हे. मृताचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घेण्यास जो वेळ लागतो, तो हा वेळ आहे.

या परंपरेंत सामान्य स्त्रीचें भूत आलें तें काबुकी रंगभूमीवर. १८२५ सालीं एदोंतील नाकामुरा-झा नाट्यगृहांत त्सुरुया नान्बोकू (चौथा) याचें ‘योत्सुया काइदान’ हें नाटक प्रथम झालें. इएमोन हा धन्यावांचून राहिलेला सामुराई. श्रीमंत शेजाऱ्याच्या नातीशीं त्याचें लग्न व्हावें, म्हणून त्या घरून त्याच्या बाळंतीण बायकोला, ओइवाला, औषध म्हणून विष पाठविण्यांत येतें. ती कृतज्ञतेनें तें घेते. विषानें तिचा चेहरा विद्रूप होतो. आरशांत तें पाहिल्यावर ती आरडाओरडा करीत नाहीं. शेजाऱ्यांकडे जाऊन जाब विचारावा, म्हणून नीटनेटकें होण्यासाठीं ती दांत रंगविते आणि केस विंचरूं लागते. फणीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर केसांचे झुपके हातांत येतात आणि समोर त्यांचा ढीग साठत जातो. प्रेक्षकांच्या अंगावर कांटा उभा राहतो तो या विंचरण्यानें. भूत अजून यावयाचेंच असतें. अपमान झालेली स्त्री आपली अब्रू सांवरूं पाहते आणि तेवढेंहि तिला साधत नाहीं, हें त्या प्रवेशांतलें खरें दुःख आहे. मेल्यावर ओइवा ज्यांचा पाठलाग करते ते सारे अपराधीच असतात. भयाच्या आड न्याय उभा असतो.

चित्रपटाची कला जपानांत रुजली तेव्हां हा सारा वारसा तिला आयताच मिळाला. ओइवाची कथा तर अनेकदां पडद्यावर आली. त्यांत नोबुओ नाकागावा यांचा १९५९ चा चित्रपट विशेष नांवाजला जातो. परंतु संथ भयाचा एक सर्वोत्तम प्रसंग केंजी मिझोगुची यांच्या ‘उगेत्सु’ या १९५३ सालच्या चित्रपटांत आहे. उएदा आकिनारी याच्या १७७६ च्या कथासंग्रहावर तो आधारलेला आहे. यादवीच्या धामधुमींत पैशाच्या लोभानें घर सोडून गेलेला कुंभार पुष्कळ दिवसांनीं परत येतो. घर ओसाड आहे, चूल थंड आहे. तो हांका मारीत मागील दारानें बाहेर पडून घराला वळसा घालतो. कॅमेरा आंतच राहतो आणि सावकाश मागें वळतो. तोंच चुलींत जाळ दिसतो आणि बायको शेजारीं बसलेली असते. मध्यें कोठेंहि दृश्य तुटत नाहीं. ती त्याला जेवूं घालते, मुलाशेजारीं निजवते आणि रात्रभर सुईदोरा घेऊन जागत बसते. ती सैनिकांच्या हातून केव्हांच मारली गेली आहे, हें त्याला सकाळीं कळतें. हें भूत सूड घेत नाहीं. परंतु पतीच्या अपराधाची जाणीव त्याच्या पदरीं कायमची टाकून जातें. त्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत या चित्रपटाला रौप्य सिंह मिळाला.

१९६४ साल हें या परंपरेचें मोठें वर्ष. कानेतो शिंदो यांचा ‘ओनिबाबा’ आणि मासाकी कोबायाशी यांचा ‘काइदान’ हे दोन्ही चित्रपट त्याच वर्षींचे. ‘ओनिबाबा’ची कथा चौदाव्या शतकांतल्या युद्धकाळची. उंच गवताच्या रानांत राहणाऱ्या सासू-सुना वाट चुकलेल्या सैनिकांना मारून त्यांचीं चिलखतें विकतात आणि प्रेतें एका खोल खड्ड्यांत टाकतात. सुनेला धाक बसावा म्हणून सासू मेलेल्या सामुराईचा राक्षसी मुखवटा चढविते, आणि तो निघेनासा होतो. अखेर तो फोडून काढावा लागतो, तेव्हां खालचा चेहरा विदीर्ण झालेला असतो. शिंदो हे मूळचे हिरोशिमाचे. १९५२ सालीं त्यांनीं तेथील अणुबाँबच्या बळींवर चित्रपट केला होता. त्या फाटलेल्या चेहऱ्याकडे पाहतांना १९४५ ची आठवण टाळतां येत नाहीं.

‘काइदान’ हा चार कथांचा चित्रपट लाफ्काडिओ हर्न यांच्या लेखनावर आधारलेला आहे. १८९० सालीं जपानांत येऊन तेथेंच स्थायिक झालेल्या हर्न यांना यांतल्या कित्येक गोष्टी त्यांच्या जपानी पत्नीनें सांगितल्या होत्या. पहिल्या कथेंत दारिद्र्याला कंटाळून बायकोला टाकून गेलेला सामुराई परत येतो, क्षमा मागतो, एक रात्र सुखांत काढतो आणि पहाटे पाहतो तों शेजारीं सांगाडा व काळेभोर केस. तो पडक्या घरांतून धडपडत पळूं लागतो. पाय फळींतून खालीं जातो, परंतु त्याचा आवाज येत नाहीं; आवाज येतो तो मागाहून, लाकूड चिरफाळल्याचा. ही संगीतकार तोरू ताकेमित्सु यांची करामत. जपानी कलेंत दोन सुरांमधल्या, दोन हालचालींमधल्या रिकाम्या अवकाशाला ‘मा’ म्हणतात. त्या अवकाशांतच भीति घर करते, हें ताकेमित्सुंनीं ओळखलें होतें. १९६५ सालीं कान येथें या चित्रपटाला परीक्षकांचें खास पारितोषिक मिळालें.

येथवरच्या साऱ्या कथांत हिशेब चोख आहे. ज्यानें केलें तोच भोगतो. शतकाच्या अखेरीस हा हिशेब बिघडला.

१९१० सालीं टोकियोंत एक निराळाच प्रयोग झाला होता. मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराइ यांनीं मिफुने चिझुको नांवाच्या तरुण स्त्रीच्या अतींद्रिय दृष्टीची परीक्षा विद्वानांसमोर घेतली. फसवणुकीचा संशय घेण्यांत आला, वृत्तपत्रांत टीकेची झोड उठली, आणि १९११ च्या जानेवारींत त्या स्त्रीनें आत्महत्या केली. हा प्रसंग कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या ‘रिंग’ कादंबरींतून हिदेओ नाकाता यांच्या १९९८ सालच्या चित्रपटांत रूप पालटून आला. तेथें त्या स्त्रीला सादाको नांवाची मुलगी आहे. तिला विहिरींत ढकलून वर झांकण घातलें जातें. तिचा तळतळाट एका व्हिडिओ-फितींत उतरतो. फीत पाहणारा सातव्या दिवशीं मरतो. पडद्यावर एकेक तारीख उमटत जाते. जणूं एकेक वात विझते.

रेइको ही वार्ताहर स्त्री शोध घेत विहिरीपर्यंत पोंचते, तळाशीं उतरते आणि त्या मुलीची कवटी मायेनें उराशीं धरते. तिची मुदत टळून जाते. जुनी कथा येथें संपली असती. अन्यायाला वाचा फुटली, मृताची दखल घेतली गेली, यापुढें शांति. परंतु दुसऱ्या दिवशीं तिच्या पूर्वपतीच्या घरीं दूरदर्शन-संच आपोआप सुरू होतो. पडद्यांतल्या विहिरींतून सादाको बाहेर येते आणि अडखळत, वेडीवांकडी चालत पडद्याच्याहि बाहेर येते. नटीला उलट चालावयास लावून तें चित्रण उलट फिरविलेलें असल्यानें त्या चालींत माणसाचें वळण राहिलेलें नाहीं. ज्याला ती मारते त्यानें तिचें कांहींहि वाईट केलेलें नाहीं. उलट तिला शोधण्यास त्यानें मदत केलेली असते. वांचण्याचा मार्ग एकच: फितीची प्रत काढून दुसऱ्याला दाखविणें. मुलाला वांचविण्यासाठीं रेइको ती फीत घेऊन आपल्या वृद्ध पित्याच्या घराकडे निघते. आपलें मरण दुसऱ्याच्या हातीं सोंपविणारी आई, हें या चित्रपटाचें खरें भीषण दृश्य होय.

कियोशी कुरोसावा यांनीं हाच अंधार आणखी आंत नेला. त्यांच्या १९९७ च्या ‘क्युअर’मध्यें भूतच नाहीं. स्मृति हरपलेला एक तरुण भेटेल त्याला शांतपणें एवढेंच विचारीत राहतो कीं, तूं कोण आहेस? आणि साधीं, सुस्वभावी माणसें आपल्याच जवळच्यांना मारून बसतात. २००१ च्या त्यांच्या ‘काइरो’ चित्रपटांत मृतात्मे संगणकाच्या जाळ्यांतून येतात. त्यांना सूड नको असतो. मरणानंतरचा एकटेपणा ते जिवंतांच्या अंगावर टाकतात. जिवंतहि आधींच एकटे असल्यामुळें एकेक करून नाहींसे होत जातात. नाकाता यांच्या २००२ च्या ‘डार्क वॉटर’मध्यें भयाची खूण म्हणजे छतावर पसरत जाणारा ओलाव्याचा डाग. वर पाण्याच्या टाकींत एक मूल पडून मेलेलें आहे; कोणी त्याला वेळेवर घरीं नेलें नाहीं, एवढाच त्याचा इतिहास. त्याला आई हवी असते, आणि एक आई स्वतःच्या मुलीला वांचविण्यासाठीं त्याच्याबरोबर जाते.

पूर्वींच्या कथांत भुताचें मंद पाऊल अपराध्याला पश्चात्तापासाठीं वेळ देत असे. नव्या कथांत पाऊल तितकेंच मंद आहे, परंतु मधल्या वेळांत करण्याजोगें कांहीं उरलेलें नाहीं. अपराधी केव्हांच मेलेला किंवा गर्दींत हरवलेला असतो, आणि त्याचें देणें वाटेनें जाणाऱ्याच्या माथीं येतें. उपेक्षा कोणा एकाची नसून सर्वांची असली, म्हणजे क्षमा कोणीं मागावी हेंच ठरत नाहीं. या चित्रपटांचें भय पडदा विझल्यावरहि टिकून राहतें, याचें कारण येथें आहे.

टोकियोंतील योत्सुया भागांत ओइवाचें देऊळ आहे. तिच्या कथेचें नाटक वा चित्रपट करावयाचा असला कीं, नटमंडळी आधीं तेथें जाऊन तिच्यापुढें नम्र होतात, अशी रीत आजहि पाळली जाते. सादाकोचें देऊळ मात्र कोठेंहि नाहीं.