पायांतील रक्तपुरवठ्याची चाचणी : घोटा-दंड निर्देशांक

चालताना पोटरीत उद्भवणारी आणि थांबल्यावर शमणारी वेदना हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. त्याच्या निदानासाठी प्रथम घोटा-दंड निर्देशांक पाहतात. बंगळुरूतील जैन इन्स्टिट्यूट ऑफ व्हॅस्क्युलर सायन्सेससारख्या रक्तवाहिन्यांच्या उपचार केंद्रांत ही वेदनारहित चाचणी केली जाते.

रुग्णाला काही मिनिटे आडवे झोपवून दोन्ही दंड व दोन्ही घोट्यांवरील रक्तदाब डॉप्लर यंत्राच्या साहाय्याने मोजतात. घोट्यावरील वरच्या रक्तदाबास दंडावरील वरच्या रक्तदाबाने भागले असता निर्देशांक मिळतो. घोट्यावर १०४ व दंडावर १३० दाब असल्यास तो ०.८० येतो. १.०० ते १.४० हे प्रमाण सामान्य होय, ०.९० किंवा त्याहून कमी निर्देशांक धमनीविकार दर्शवितो.

मात्र दीर्घकालीन मधुमेहात धमन्यांच्या भित्तिकांत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि रक्तदाबाच्या पट्ट्याने दाबल्या जात नाहीत. परिणामी रक्तपुरवठा अपुरा असूनही निर्देशांक सामान्य किंवा १.४० हून अधिक येऊ शकतो. अशा रुग्णांच्या पायाच्या अंगठ्यातील रक्तदाब मोजणे आवश्यक ठरते. पायावरील जखम भरत नसल्यास केवळ सामान्य निर्देशांकावर विसंबून राहणे धोक्याचे असते; वेळीच निदान झाल्यास पाय वाचविता येऊ शकतो.