झेंडू : तोरणातला आणि डोळ्यातला

दसऱ्याला सुरंगी-सिल्वासा परिसरातील आपल्या जुन्या मराठी घरांच्या दारांवर झेंडूचे तोरण चढते. गुजराती शेजारी त्यालाच ‘गलगोटा’ म्हणतात. हे फूल मूळचे मेक्सिकोचे, याचे आता कोणास स्मरणही राहिलेले नाही. त्या देशात आजही मृतांच्या स्मरणदिनी समाध्यांवर हीच फुले वाहतात. सोळाव्या शतकात मिरची-काजूंप्रमाणे झेंडूही पोर्तुगीजांमार्फत भारतात आला, असे अभ्यासक मानतात. मराठ्यांशी झालेल्या तहान्वये १७८३ मध्ये नगरहवेली पोर्तुगीजांकडे गेली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. परकी सत्ता गेली, फूल मात्र आपलेच होऊन राहिले.

आता हा झेंडू औषधाच्या गोळीतूनही घरात येतो. त्याच्या पाकळ्यांतील पिवळ्या रंगद्रव्यास ल्युटीन म्हणतात. कर्नाटक, तमिळनाडूत शेतकरी कराराने झेंडू पिकवितात व कारखाने वाळलेल्या पाकळ्यांतून अर्क काढतात. अंड्याचा बलक गडद दिसावा म्हणून तो कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात.

मनुष्याच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी ‘पीतबिंदू’ असतो. वाचन व चेहरा ओळखणे ही सूक्ष्म कामे त्याची. त्याचा पिवळेपणा ल्युटीन व झियाझँथिन या द्रव्यांमुळे आहे, हे अमेरिकेतील बोन व लँड्रम यांनी १९८५ मध्ये दाखविले. ही द्रव्ये प्रखर निळा प्रकाश शोषून घेतात. शरीर ती निर्माण करीत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात.

उतारवयात पीतबिंदूचा ऱ्हास होतो. अमेरिकेत सुमारे ४,२०० रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनंतर, जीवनसत्त्वे व जस्ताच्या मिश्रणात बीटा-कॅरोटीनऐवजी १० मिलिग्रॅम ल्युटीन व २ मिलिग्रॅम झियाझँथिन घालणे इष्ट ठरले. कारण बीटा-कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे मिश्रण मध्यम अवस्थेतील ऱ्हासाचा वेग कमी करते. गेलेली दृष्टी परत देत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही ल्युटीनने टळली नाही.

म्हणूनच आपल्या ज्येष्ठांनी जाहिरातीवर विसंबून गोळ्या घेत शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये. नेत्रतज्ज्ञांकडून आधी निदान करून घ्यावे. निरोगी डोळ्यांसाठी पालक, मेथी, मका, अंडे यांतून ल्युटीन मिळतेच. पालेभाजीला तेलाची फोडणी देण्याची आपली रीतही येथे उपकारक आहे, कारण हे द्रव्य स्निग्धाबरोबरच अंगी लागते.