शालेय क्रीडेतील श्रेष्ठत्वाचा वाद आणि नोंदींचा प्रश्न : मुंबईचे शालेय क्रिकेट व गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

शालेय वयातील सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा महाराष्ट्रातील क्रीडारसिकांच्या आवडीचा वाद आहे. या वादात खेळ बहुधा क्रिकेट असतो आणि शहर बहुधा मुंबई असते. सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, पृथ्वी शॉ, प्रणव धनावडे ही नावे क्रमाने पुढे येतात आणि प्रत्येक नावामागे एक धावसंख्या सांगितली जाते. वाद रंगतो, परंतु ती धावसंख्या कोणी लिहून ठेवली, कोणत्या परिस्थितीत ती झाली आणि ती नेमके काय सिद्ध करते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते प्रथम विचारावे लागतात. प्रस्तुत लेखात मुंबईच्या शालेय क्रिकेटमधील काही प्रसिद्ध विक्रमांचा साधन म्हणून विचार केला असून, गोंदियासारख्या जिल्ह्यातील शालेय क्रीडेचा इतिहास असा वाद करण्याइतका तरी उपलब्ध आहे काय, याचा शोध घेतला आहे.

मुंबईतील शालेय स्पर्धांची परंपरा

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर म्हणून १८९० ते १८९५ या काळात कार्य केलेले लॉर्ड हॅरिस यांच्या नावाने हॅरिस शिल्ड ही आंतरशालेय स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. पुढे लहान वयोगटासाठी जाइल्स शिल्ड स्पर्धाही रूढ झाली. या दोन स्पर्धांनी मुंबईच्या क्रिकेटला केवळ खेळाडूच दिले नाहीत, तर सलगपणे राखलेली नोंदही दिली. आझाद मैदानावरील सामन्याचा धावफलक लिहिला जाई, तो संघटनेकडे जाई आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर छापून येई. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची कामगिरी शहरभर वाचली जाई आणि कित्येक वर्षांनी पडताळताही येई.

सुनील गावसकर यांना १९६६ मध्ये देशातील सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू म्हणून गौरविण्यात आले. सेंट झेवियर्स शाळेकडून खेळताना त्यांनी शालेय जीवनाच्या अखेरच्या वर्षी नाबाद २४६ आणि २२२ अशा खेळी केल्या होत्या. १९८७ मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेचा सर्वोत्तम कनिष्ठ खेळाडूचा पुरस्कार चौदा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला मिळाला नाही. त्या वेळी गावसकर यांनी पत्र पाठवून त्याचे सांत्वन केले. आज त्या पुरस्काराकडे पाहिले असता दोन गोष्टी लक्षात येतात. शालेय श्रेष्ठत्वाचा निर्णय त्या काळीही वादातीत नव्हता आणि निर्णय देणाऱ्यांसमोर एका हंगामापुरतीच माहिती असे. पुढील पंचवीस वर्षे त्यांना दिसत नव्हती; आजचे वाद करणारे मात्र ती वर्षे पाहून मागचा निर्णय देतात.

१९८८ चा उपांत्य सामना

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिर आणि सेंट झेवियर्स हे संघ आझाद मैदानावर समोरासमोर आले. शारदाश्रमने २ बाद ७४८ धावांवर डाव घोषित केला. कांबळी नाबाद ३४९ आणि तेंडुलकर नाबाद ३२६ अशी दोघांची कामगिरी होती व त्यांची अखंड भागीदारी ६६४ धावांची होती. डाव घोषित करण्याचे इशारे या मुलांनी पाहून न पाहिल्यासारखे केले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. झेवियर्सचा संघ १४५ धावांत बाद झाला आणि त्यातील सहा बळी कांबळीने ३७ धावांत घेतले.

सामन्याचा धावफलक एवढाच पुरावा मानला, तर त्या दिवसाचा श्रेष्ठ खेळाडू कांबळी हा होय. धावाही त्याच्याच अधिक आणि बळीही त्याच्याच नावावर. तरीही लोकस्मृतीत तो सामना तेंडुलकरचा सामना म्हणून राहिला आहे. याचे कारण पुढील कारकिर्दीत आहे. तेंडुलकरने २०० कसोटी सामन्यांत १५,९२१ धावा केल्या. कांबळीला १९९३ ते १९९५ या काळात १७ कसोटी सामने मिळाले आणि त्यांत त्याने ५४.२० च्या सरासरीने १,०८४ धावा केल्या. ही सरासरी तेंडुलकरच्या ५३.७८ या सरासरीपेक्षा किंचित अधिक आहे. उत्तरकाळातील कीर्ती पूर्वकाळातील घटनेवर कशी आरोपित होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. इतिहासलेखनात ज्याला कालविपर्यासाचा दोष म्हणतात, तोच येथे खेळाच्या गप्पांमध्ये दिसून येतो.

त्याच सामन्यातील आणखी दोन नावे विचारात घेण्यासारखी आहेत. शारदाश्रमचा अमोल मुझुमदार पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. त्या धावफलकात त्याच्या नावापुढे एकही धाव नाही. पुढे १९९४ मध्ये रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या आणि प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये ११,१६७ धावांचा टप्पा गाठला. भारताकडून खेळण्याची संधी त्यास मिळाली नाही. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक तोच होता. झेवियर्सकडून गोलंदाजी करणाऱ्या साईराज बहुतुले याने त्या डावात २७ षटकांत १८२ धावा दिल्या व त्यास एकही बळी मिळाला नाही. त्यानेही पुढे प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये ६०० हून अधिक बळी आणि ६,००० हून अधिक धावा अशी दुर्मिळ कामगिरी केली व तो कसोटीही खेळला. शून्य धावा आणि शून्य बळी या दोन नोंदींमागे अशी माणसे उभी होती.

वाढत गेलेल्या धावसंख्या

६६४ धावांची भागीदारी २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शालेय खेळाडूंनी ७२१ धावा करून मागे टाकली. मुंबईत सर्फराज खानने २००९ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये ४३९, अरमान जाफरने २०१० मध्ये जाइल्स शिल्डमध्ये ४९८ आणि पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. हे तिघेही रिझवी स्प्रिंगफिल्ड या एकाच शाळेचे. चार-पाच वर्षांत एकाच शाळेतून तीन विक्रम घडावेत, यावरून विक्रम हे केवळ व्यक्तीचे नसून शाळेचा सराव, प्रशिक्षक आणि प्रतिस्पर्धी संघांतील तफावत यांचेही असतात, असे अनुमान काढता येते.

पुढील वाटचाल धावसंख्येच्या क्रमाने झाली नाही. शॉने २०१८ मध्ये कसोटी पदार्पणात शतक झळकावले, मात्र २०१८ ते २०२० या काळात त्याच्या वाट्याला पाचच कसोटी आल्या. सर्फराजला ४३९ धावांच्या त्या खेळीनंतर कसोटी पदार्पणासाठी फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने भंडारी चषक स्पर्धेत ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ मध्ये इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्यामुळे एकशे सोळा वर्षांनी मोडला गेला. प्रणवच्या संघाने ३ बाद १४६५ धावा केल्या आणि प्रतिस्पर्धी संघ ३१ व ५२ धावांत बाद झाला. मैदानाची एक सीमारेषा जवळ होती व प्रतिस्पर्धी संघात वयाने बरीच लहान मुले होती, हे तेव्हाच वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. रिक्षाचालकाच्या मुलाने दोन दिवस खेळपट्टीवर उभे राहून केलेल्या श्रमांचे मोल याने कमी होत नाही. परंतु १००९ आणि ३२६ या दोन आकड्यांची तुलना करून निर्णय देता येत नाही, एवढे मात्र स्पष्ट होते. कॉलिन्सच्या नोंदीविषयीही गुणलेखकाने स्वतः वीसएक धावा इकडेतिकडे असू शकतील, असे मान्य केले होते. म्हणजे शतकाहून अधिक काळ टिकलेला विक्रमही अंदाजाच्या आधारावर उभा होता.

या सबंध यादीत एकाही मुलीचे नाव येत नाही, हेही नमूद करावयास हवे. स्मृती मानधनाने ऑक्टोबर २०१३ मध्ये महाराष्ट्राकडून आणि जेमिमा रॉड्रिग्जने नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईकडून एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यांत द्विशतके केली, तेव्हा दोघीही सतरा वर्षांच्या होत्या. परंतु त्या स्पर्धा राज्य संघटनांच्या होत्या. मुलींना हॅरिस शिल्डसारखी शतकभर चालत आलेली शालेय स्पर्धा लाभली नाही, म्हणून शालेय श्रेष्ठत्वाच्या वादात त्या उभ्याच राहत नाहीत.

शालेय नोंद नसलेला खेळाडू

विदर्भाकडे वळले असता हा प्रश्न अधिक तीव्र होतो. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला. २०१८-१९ च्या विजेत्या संघातील दोन खेळाडूंची तुलना उद्बोधक आहे. वसीम जाफर हा मुंबईच्या शालेय परंपरेचे अपत्य. पंधराव्या वर्षी त्याने शालेय सामन्यात नाबाद ४०० धावा केल्या होत्या. उमेश यादव हा नागपूरजवळील खापरखेडा परिसरातील कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगाराचा मुलगा. वयाच्या एकोणीस-वीस वर्षांपर्यंत तो टेनिस चेंडूनेच खेळत होता आणि सैन्यात किंवा पोलिसांत भरती होण्याच्या प्रयत्नात होता. २००८ मध्ये त्याने प्रथमश्रेणी पदार्पण केले, २०११ मध्ये कसोटी खेळणारा तो विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला आणि ५७ कसोटींत त्याने १७० बळी घेतले. शालेय श्रेष्ठत्वाच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव येणे शक्य नाही, कारण त्याच्या शालेय वयाचा धावफलकच अस्तित्वात नाही. त्याच्या वेगाला तेव्हा कोणी मोजले नव्हते. म्हणून तो वेग नव्हता, असे म्हणता येणार नाही.

गोंदिया जिल्ह्यातील स्थिती

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी तिरोडा, आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या विद्यार्थ्याने जिल्हास्तरावर विजय मिळविला असेल, तर तो भंडारा जिल्ह्याच्या नावावर जमा आहे. १९५६ पूर्वी हाच प्रदेश मध्य प्रांतात व नंतरच्या मध्य प्रदेशात होता. त्यामुळे ज्याला आज गोंदिया जिल्ह्याचा क्रीडा इतिहास म्हणावयाचे, त्याची साधने एकाच ठिकाणी मिळणार नाहीत. ती शोधताना प्रशासकीय सीमांचा इतिहास आधी लक्षात घ्यावा लागतो.

दुसरी अडचण खेळांच्या स्वरूपाची आहे. येथील शाळांत आणि आश्रमशाळांत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि धावण्याच्या शर्यती यांचे स्थान मोठे आहे. क्रिकेटच्या धावफलकात प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र ओळ असते. कबड्डीचा निकाल मात्र संघाच्या गुणांत सांगितला जातो. चढाईपटूच्या वैयक्तिक गुणांची चर्चा सामान्य प्रेक्षकांत रुजली ती २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर. तालुकास्तरावरील सामन्यात चौघांना बाद करून परतलेल्या मुलाची ती चढाई गावकऱ्यांच्या आठवणीत राहते, कागदावर राहत नाही. ज्या पिढीने ती पाहिली, त्या पिढीबरोबर ती नाहीशी होते.

हा प्रश्न केवळ स्मरणरंजनाचा नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी चालणाऱ्या शालेय स्पर्धांतील प्रमाणपत्रांवर दहावी-बारावीच्या परीक्षेतील सवलतीचे गुण अवलंबून असतात. राज्य शासनाने २००५ मध्ये गुणवान खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण ठेवले. तेथेही प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी निर्णायक ठरते. मुंबईत हरवलेल्या धावफलकाने एका वादाचा मुद्दा कमी होतो. देवरी किंवा सालेकसा तालुक्यात हरवलेल्या कागदाने एखाद्या विद्यार्थ्याची नोकरी जाऊ शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, शालेय वयातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, या प्रश्नाला धावसंख्या अंतिम उत्तर देऊ शकत नाही. १९८८ चा धावफलक कांबळीच्या बाजूने बोलतो, लोकस्मृती तेंडुलकरच्या. आणि मुझुमदार व बहुतुले यांच्याविषयी तो धावफलक काहीच सांगत नाही. २०१६ चा विक्रम आकड्याने सर्वांत मोठा आहे, पण त्याचा अर्थ मैदान आणि प्रतिस्पर्धी यांच्यासह वाचावा लागतो. तरीही मुंबईला हा वाद करता येतो, कारण तिच्याजवळ वाद करण्यापुरता कागद आहे. श्रेष्ठत्वाविषयीचा मतभेद हीदेखील नोंद राखणाऱ्या समाजाला लाभणारी गोष्ट आहे.

गोंदिया जिल्ह्यात शाळांची जुनी हजेरीपत्रके, स्नेहसंमेलनांचे अहवाल, शालेय वार्षिकांके, भिंतीवरील संघांची छायाचित्रे आणि निवृत्त क्रीडाशिक्षकांच्या आठवणी ही साधने अद्याप काही प्रमाणात हाताशी आहेत. महाविद्यालयांतील इतिहास आणि शारीरिक शिक्षण या दोन विभागांनी एकत्र येऊन, एकेका तालुक्यापासून आरंभ करून, त्यांचे संकलन करणे शक्य आहे. छायाचित्रातील प्रत्येक मुलाचे व मुलीचे नाव, वर्ष आणि शाळा एवढे तीन तपशील लिहिले गेले तरी पुढील अभ्यासकाला आधार मिळेल. निवृत्त क्रीडाशिक्षकांची पिढी वृद्ध होत चालली आहे, त्यामुळे मौखिक साधनांचे संकलन प्रथम हाती घेणे इष्ट ठरेल. त्यानंतर गोंदियातही श्रेष्ठ कोण, यावर वाद होऊ शकेल.