धाब्याखालची सावली



मे महिन्यात आमच्या गटाची बैठक अध्यक्षताईंच्या नव्या घरात ठेवली होती. विटांच्या भिंती, वर पत्रा. दुपारी तीनला बसलो आणि हिशेबाची वही लिहिता लिहिता घाम टपकून आकडेच पुसले गेले. शेवटी सगळ्या उठलो आणि समोरच्या आजींच्या धाब्याखाली जाऊन बसलो. तिथे पंखासुद्धा नव्हता, पण जीव गार झाला. आजी म्हणाल्या, “बसा गं बाया, यंदाच काय ते. दिवाळीनंतर पोरगा पत्रा टाकणार आहे.”

त्या दिवसापासून आम्ही धाब्याच्या आणि पत्र्याच्या मागे लागलो. आज तीच गोष्ट सांगतो.

आपल्या खान्देशातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. दीड-दोन हात रुंद मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, त्यावर सरे, सऱ्यांवर किलचन, त्यावर पऱ्हाटी-तुऱ्हाटीचा थर, वाळवी लागू नये म्हणून निंबाचा पाला आणि सगळ्यात वर खारी माती दाबून बसवलेली. वर सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे वेगळी रीत: बांबूचे कूड, शेणमातीचा लेप, वर कौलं. दोन्हीकडे सामान गावातलंच. मिस्त्री कमी, घरची माणसं जास्त.

पत्रा मात्र दूरचा. नाळीदार लोखंडी पत्र्याचा शोध 1829 साली लंडनमध्ये लागला. आपल्याकडे 1900 च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून नंदुरबारमार्गे पुढे गेली आणि बाहेरचं जड सामान इथवर आणणं सोपं झालं. पत्रा हलका, एका दिवसात बसतो, दरवर्षी माती टाकायला नको. म्हणून तो पसरला आणि त्यात लोकांचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा जेठात डोक्यावर मातीची पाटी घेऊन शिडी चढून बघावी. ती पाटी कोण वाहायचं, ते आपल्याला ठाऊक आहे.

पण उन्हाचं काय? चुलीवर तवा ठेवला की क्षणात तापतो, तसा पत्रा. वरून ऊन घेतो आणि खाली आपल्या डोक्यावर सोडतो. जाड माती सावकाश तापते. सकाळचं ऊन तिच्यातून आत उतरेपर्यंत सूर्य मावळायला येतो, आणि रात्री ती ऊब बाहेरच्या गार हवेला परत देते. म्हणून धाब्याच्या घरात दुपार सुसह्य असते आणि झोपायला लोक धाब्यावर जातात.

मग धाबंच राखावं का? इथे किल्लारीची आठवण काढावीच लागते. 30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना धरणी हलली. लातूर-उस्मानाबाद भागात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तिकडे धाब्याला माळवद म्हणतात. गळतं म्हणून दरवर्षी वर माती टाकत गेले आणि थर एक-दोन फुटांवर गेला. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टनांच्या घरात वजन! भिंती दगडांच्या, मधे नुसती माती भरलेली. त्या फुटल्या. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांबांचा सांगाडा मात्र उभा राहिला. आणि किल्लारी तेव्हाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती.

त्यानंतर जे झालं ते आपल्यासारख्या गटांनी लक्षात ठेवावं असं आहे. सगळी घरं नव्यानं बांधली नाहीत. सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून तेरा जिल्ह्यांत पडझड झालेल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीचं मोठं काम काढलं. आणि गावोगाव एकेका महिला मंडळाच्या बाईला ‘संवाद सहायक’ नेमलं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात पुढे होती. या बायका मजबुतीचं तंत्र शिकल्या, शेजारणींना समजावू लागल्या, कामावर लक्ष ठेवू लागल्या. पुढे 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यांच्यातल्या काही जणी तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या.

तंत्र तरी काय होतं? धाब्यावरची जादा माती उतरवायची, वीतभर ठेवायची आणि गळू नये म्हणून खाली प्लास्टिकचा कागद घालायचा. खांब आणि सरा जिथे भेटतात तिथे तिरका टेकू ठोकायचा. दगडी भिंतीत आरपार सांधे घालायचे. म्हणजे गारवा राहतो आणि वजन उतरतं.

हे आम्ही आजींच्या मुलाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग विचारलं, “आणि पैसे?” प्रश्न बरोबरच होता. घरकुल योजनेत पैसे मिळतात, पण ते पक्कं घर बांधायला. जुनं धाबं दुरुस्त करायला नाही. म्हणून चांगल्या भिंतीसुद्धा पाडल्या जातात, याचं आम्हाला वाईट वाटतं.

पत्रा टाकून झालाय त्यांनीही निराश होऊ नये. शेजारच्या अहमदाबादेत 2010 ची उष्णतेची लाट फार बाधली. 2013 पासून तिथे उन्हापासून बचावाचा शहराचा आराखडा आहे आणि गरीब वस्त्यांत छपरं पांढरी रंगवतात. महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायका त्यात आहेत. पांढरं छप्पर ऊन परत फेकतं, आतली उष्णता दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. आम्ही अध्यक्षताईंच्या पत्र्यावर कळीचा चुना थोडा फेविकॉल घालून दोन हात मारला. पावसात तो धुऊन जाणार, फाल्गुनात पुन्हा मारावा लागेल. पण त्या दुपारी बैठक तिथेच झाली, आणि वही कोरडी राहिली.

आजींचं धाबं? मुलानं पत्रा घेतला नाही. गटातून कर्ज घेतलं, दसऱ्यानंतर माती उतरवली. चार दिवस आम्हीही पाट्या ओढल्या. खाली एक सरा किडलेला निघाला, तो बदलला, कागद टाकला, टेकू ठोकले. पन्हाळीजवळचा कोपरा अजून झिरपतो. तिथे काय करावं यावर आजी आणि मिस्त्री यांचं एकमत झालेलं नाही.