छत्री ठेवायची कुठे?

छत्रीच्या बाबतीत माणसापुढे दोनच खरे प्रश्न आहेत. पहिला, ती विसरली कुठे? आणि दुसरा, ओली असताना ती ठेवायची कुठे? पहिल्यावर मराठीत इतके विनोद झाले आहेत की त्यात मी भर घालीत नाही. दुसऱ्याकडे मात्र इतिहासकारांचं लक्षच नाही. तेव्हा बी. कॉम. होऊन बँकेत खर्डेघाशी करणाऱ्या माझ्यासारख्यालाच हे काम अंगावर घेणं भाग आहे.

आपल्याकडे पूर्वी हा प्रश्न नव्हता. छत्री ही ठेवायची वस्तूच नव्हती. ती धरायची वस्तू होती, आणि तीही दुसऱ्याने. छत्र हे राजेपणाचं चिन्ह. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराज छत्रपती झाले, तो किताबच मुळी छत्रावरून आलेला. राजा सिंहासनावर बसायचा आणि मागे छत्र धरणारा उभा राहायचा. म्हणजे विलायतेत ज्याला पुढे 'अंब्रेला स्टँड' म्हणू लागले, तो आमच्याकडे चक्क माणूस होता. त्याला पगार असेल, पण बसायला जागा नव्हती.

विलायतेत छत्री स्वतःच्या हाताने धरण्याचं धाडस केलं जोनास हॅनवे नावाच्या गृहस्थाने, १७५० च्या सुमारास. पुरुषाने छत्री घेणं तेव्हा लंडनमध्ये बायकी समजत. भाड्याच्या घोडागाड्या हाकणारे तर त्याच्यावर दातओठ खात, कारण पाऊस हाच त्यांचा सुगीचा काळ. (आमच्याकडे रिक्षावाले पाऊस पडला की मुळी थांबतच नाहीत, त्यामुळे छत्रीशी त्यांचं वैर नाही.) हा हॅनवे सज्जन खरा, पण १७५६ साली त्याने चहाविरुद्ध निबंध छापला. पावसात छत्री हवी आणि चहा नको म्हणणारा माणूस मला तरी समजत नाही. डॉक्टर जॉन्सनलाही समजला नाही. तो पट्टीचा चहाबाज, त्याने निबंधाचा यथास्थित समाचार घेतला.

तरी छत्री अजून जड होती. काड्या देवमाशाच्या मुखातल्या हाडासारख्या पट्ट्यांच्या, वर तेल लावलेलं कापड. १८५२ साली शेफील्डजवळच्या सॅम्युएल फॉक्सने पन्हळीसारख्या पोलादी काड्या काढल्या आणि छत्री हलकी झाली. मग साहेब, कारकून, पाद्री, सगळ्यांच्याच हाती छत्री! घरोघरी दारातून पाणी ठिबकू लागलं आणि गालिचे भिजू लागले.

इथे ओतीव लोखंड मदतीला आलं. अब्राहम डार्बीने १७०९ साली जिथे दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलं, त्या कोलब्रुकडेलच्या कारखान्यात छत्र्यांचे स्टँड ओतले जाऊ लागले. वर छत्री अडकवायला कड्या, खाली पाणी साचायला काढता येणारं तबक. ख्रिस्तोफर ड्रेसरसारख्या नामवंताने या कारखान्यासाठी हॉलमधले स्टँड आखून दिले. लोखंडच का? तर उंच छत्र्या एका बाजूला कलल्या तरी बूड हलू नये म्हणून. आमच्या हेडक्लार्कांच्या खुर्चीचं तत्त्वही हेच.

काही साहेबांना लोखंडही पुरेना. शिकारीत मारलेल्या हत्तीचा पाय पोकळ करून त्यात छत्र्या ठेवायची फॅशन निघाली. लंडनच्या पिकॅडिलीत रोलंड वॉर्ड हा पेंढा भरणारा असलं सामान बनवण्यात नामांकित होता. आमच्याकडे हत्तीच्या पाठीवर अंबारी आणि अंबारीवर छत्र. त्यांच्याकडे हत्तीच्याच पायात छत्री! प्रगती म्हणतात ती हीच असावी.

पुढे प्लॅस्टिक आलं. १९७२ साली इटलीच्या जानकार्लो पिरेत्तीने 'प्लुव्हियम' नावाचा स्टँड काढला. त्याचे खण एका दांडीभोवती फिरतात. हवे तेव्हा पंख्यासारखे उघडायचे, नको तेव्हा मिटून कोपऱ्यात सारायचे. गंमत अशी की स्टँड असा देखणा होईपर्यंत छत्रीच आखूड झाली होती. घडीची छत्री जर्मनीत १९२८ च्या सुमारासच निघाली होती. ती या स्टँडात टाकली की तळाला जाऊन बसते आणि विहिरीतल्या बादलीसारखी काढावी लागते.

परवा दुकानात असाच एक डिझायनर स्टँड पाहून सौ. म्हणाली, "अहो, दाराबाहेर किती छान दिसेल!" मी किंमत पाहिली आणि आपली न्हाणीघरातली बादलीही तितकीच छान दिसते, असं मत दिलं.

पण बँकेत मात्र मी अर्ज केला आहे. आमच्या शाखेत साहेबांची गाडी आली की शिपाई छत्री घेऊन धावतो. साहेबांच्या डोक्यावर छत्री आणि शिपायाच्या डोक्यावर पाऊस. मग ती ओली छत्री निथळेपर्यंत तो दाराशी धरून उभा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस! म्हणून दाराशी एक साधा लोखंडी स्टँड मागितला. साहेबांनी स्वतः छत्री घ्यावी, स्वतः ठेवावी. हेड ऑफिसने विचारलं, खर्च कोणत्या खात्याखाली? फर्निचर की किरकोळ? घसारा किती टक्के? कारण काय?

खातं त्यांनी ठरवावं. कारणाच्या रकान्यात मी एवढंच लिहिलं: छत्री उभी राहावी आणि माणूस बसावा.