कोंबडी, वाफा आणि हक्क

कामगार चळवळीतला माणूस आज कोंबड्या आणि भाजीपाला यांवर बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. पण पोटाचा प्रश्न बाजूला ठेवून कामगाराचा इतिहास सांगता येत नाही. इंग्लंडमधील कामगाराने तर या प्रश्नापायी तीनशे वर्षे झगडा केला.

आरंभ १६४९ पासून करू. त्या वर्षी जानेवारीत इंग्रजांनी आपल्या राजाचा शिरच्छेद केला. पुढे १ एप्रिलला सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवर काही गोरगरीब माणसे कुदळी-फावडी घेऊन गेली. पडीक गायरान खणून त्यांनी गाजरे, पार्सनिप नावाचे कंद आणि शेंगा यांचे बी पेरले. त्यांचा पुढारी जेरार्ड विन्स्टन्ली हा धंद्यात बुडालेला कापडाचा व्यापारी होता. भूमी ही सर्वांची आहे, एवढेच त्याचे म्हणणे. यावर जमीनदारांनी खटले भरले, मारहाण करविली, झोपड्या जाळविल्या. १६५० च्या वसंतात तो प्रयोग संपला. गाजरांना कोणी भीत नव्हते. भीती होती ती गायरानावर सांगितलेल्या हक्काची.

पुढील दोन शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी गायरानांना कुंपणे पडली. ज्याची गाय गायरानात चरत होती तो रोजंदारीवर आला. १८४५ च्या कायद्यात गरिबांच्या मळ्यांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद होती खरी. पण १८६९ पर्यंत सहा लाखांहून अधिक एकर जमीन कुंपणात गेली आणि गरिबांच्या वाट्याला जेमतेम सव्वादोन हजार एकर आली. जिथे तुकडा मिळे, तिथेही अटी असत : रविवारी कुदळ उचलायची नाही, चर्चला जायला चुकायचे नाही. १९०८ च्या कायद्याने मात्र पारडे फिरले. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी मागणी केली, तर स्थानिक संस्थेला तिचा विचार करणे भाग पडू लागले. जे दान होते, तिथे हक्क आला.

पण एक शंका उरतेच, आणि ती फ्रेडरिक एंगल्सने फार पूर्वी काढली होती. घरांच्या प्रश्नावरील आपल्या पुस्तकाच्या १८८७ च्या आवृत्तीत त्याने जर्मनीतील घरबसल्या धंदा करणाऱ्या कामगारांचे उदाहरण दिले. त्यांना घर होते, बटाट्याचा तुकडा होता. म्हणूनच मालक त्यांना कमी मजुरीवर राबवून घेत. बटाटे पिकवायचे कामगाराने आणि त्यांची किंमत मजुरीतून कापून घ्यायची मालकाने! युनियनच्या कचेरीतील कपाटातली पुस्तके वाचून मी जे काही शिकलो, त्यात या मुद्द्याने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ. १९३९ च्या ऑक्टोबरात ‘विजयासाठी खणा’ ही मोहीम निघाली. लंडनच्या टॉवरभोवतीच्या खंदकातही भाजी लावली गेली. भाडेपट्ट्याच्या मळ्यांची संख्या आठ लाखांवरून सुमारे चौदा लाखांवर गेली. १९४१ च्या जूनपासून अंडी नियंत्रणाखाली आली. माणशी आठवड्याला एक, तेही असल्यास! तेव्हा सरकारने एक तोड काढली. जे कुटुंब अंड्यांचे रेशन सोडून देईल, त्याला कोंबड्यांसाठी भरड मिळे. ती बटाट्याच्या उकडलेल्या सालींत आणि ताटातल्या उष्ट्यात कालवायची. एकट्याला जमत नसेल तर शेजारी मिळून कोंबड्या पाळत.

या उद्योगाला ऋतूचे गणित होते. वसंतात निघालेल्या पिल्लांच्या तलंगा पाच-सहा महिन्यांनी, म्हणजे थंडीच्या आधी, अंड्यावर येत. तिकडे मे महिन्याच्या मध्यापर्यंत दहिवराचे भय असते. ते सरले की घेवड्याचे वेल मोकळ्यावर चढत आणि कोबीची रोपे वाफ्यात जात. कोंबडीची विष्ठा फार तीव्र. ताजी घातली तर रोप जळते, कुजवून घातली तर सोने. मात्र खुराड्याचे दार उघडे राहिले तर कोवळा वाफा तासाभरात उकरला जाई. युद्ध संपेपर्यंत देशातील ताज्या अंड्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा अशा परसांतून येऊ लागला होता.

युद्ध संपले तरी हा हक्क राहिला. १९५० च्या कायद्याने ठरविले, की घरमालकाने भाडेपट्ट्यात मनाईचे कलम घातलेले असले, तरी कुळाला धंद्यासाठी नव्हे पण घरच्यापुरत्या कोंबड्या आणि ससे पाळता येतील. आरोग्याला अपाय वा शेजाऱ्यांना उपद्रव होता कामा नये, एवढेच. जमीनदाराच्या कागदावर कोंबडीने मात केली!

एंगल्सची शंका खोटी नाही, पण तिला दुसरी बाजू आहे, आणि ती दाखवायला मुंबईचेच उदाहरण पुरे. १९२८ चा गिरणी संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. कितीतरी संपकरी कोकणात आणि देशावर आपापल्या गावी गेले आणि पावसाळ्यात शेतीच्या कामाला लागले. मुंबईत उपाशी बसण्याची पाळी ज्यांच्यावर आली नाही, त्यांना मालक वाकवू शकले नाहीत. त्याच गावाकडच्या शेतीचे निमित्त करून एरवी मजुरी कमी ठेवली जाई, हेही तितकेच खरे. जमिनीचा तुकडा तोच; संघटना असली तर तो संपाचा शिधा होतो, नसली तर मजुरीतली कपात.

म्हणून परसात खुराडे उभारा, वैशाखात वाफे तयार करा, भाजी लावा. फक्त ‘तुमच्या घरी भाजी होते, मग पगारवाढ कशाला?’ असे कोणी विचारले, तर उत्तर तयार ठेवा : भाजी आमच्या श्रमाची आहे, तुमच्याकडे जे मागतो आहोत, ते आमच्या दुसऱ्या श्रमाचे.